सुईला टोपण लावू नका

रिपोर्टच्या आधी रक्त येतं. समृद्धी महामार्गावर गाडी उलटते, तेव्हा जखमीला जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात आणेपर्यंत कित्येकदा त्याचं नावही कुणाला कळलेलं नसतं. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये सळईनं मांडी फाटलेला कामगार बिहारचा की उत्तर प्रदेशचा, एवढंच सोबत आलेल्याला सांगता येतं. ऊसतोडीच्या फडावरून परतलेली एखादी बाई कळा सुरू झाल्यावरच दवाखान्याची पायरी चढते आणि नऊ महिने भरले तरी तिचं तपासणीचं कार्ड कोरं असतं. या तिघांच्या रक्तात काय आहे हे सांगणारा कागद त्या घटकेला कुणाकडेच नसतो. आणि तिघांच्याही रक्तात कुणाला तरी लगेच हात घालावा लागतो.

जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा हे आठ तालुके. बी-बियाणं, पोलाद आणि मोसंबी यांसाठी जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं जातं. आजारी माणसाची वाट मात्र इथं ठरलेली आहे. आधी गावातला डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय, तिथून जालना, आणि जालन्यालाही झेपलं नाही तर छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, म्हणजे घाटी. या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी सुई लावतं, टाके घालतं, रक्त काढतं, फरशी पुसतं, चादर उचलतं. एच.आय.व्ही.पासून या माणसांचं रक्षण कसं होतं, आणि एच.आय.व्ही. असलेल्या रुग्णाला त्यांच्याकडून कसं वागवलं जातं, हे दोन प्रश्न आपण नेहमी वेगवेगळे धरतो. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे.

दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना एच.आय.व्ही.बद्दल किती माहिती आहे, याच्या पाहण्या देशात ठिकठिकाणी झाल्या. त्यांचे निष्कर्ष साधारण एकाच वळणाचे असतात. रोग रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो हे जवळपास सगळ्यांना ठाऊक असतं. हस्तांदोलनानं जात नाही, हेही बहुतेक जण बरोबर सांगतात. सुई टोचली तर पुढच्या दोन तासांत काय करायचं, औषध कुठल्या कपाटात आहे, असं विचारलं की उत्तरं अडखळू लागतात. आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कुणी काही विचारलेलंच नसतं. म्हणजे माहितीच्या पेपरात आपण पास होतो. पण वॉर्डात काम करताना हात त्या माहितीप्रमाणे चालत नाहीत.

कारण आपल्याकडे सावधगिरी रुग्ण बघून घेतली जाते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वॉर्डात दबक्या आवाजात फिरतो. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं खूण होते, पलंगाच्या पायथ्याशी वेगळी बादली येते, एरवी ग्लोव्हज न घालणारे दोन-दोन जोड चढवतात, ऑपरेशन यादीत शेवटी ढकललं जातं आणि काही खासगी दवाखान्यांत ‘किट’चे वेगळे पैसे लागतात. दुसऱ्या दिवशी ज्याचा रिपोर्ट ‘निल’ आहे त्याचं रक्त तेच हात उघड्यानं काढतात. हे रोज पाहणाऱ्यालाही त्यात वावगं वाटेनासं होतं. भीती आणि सावधगिरी यांची गल्लत झाली की असं होतं. भीती एका पलंगापाशी दाटून येते, आणि बाकीच्या एकोणतीस पलंगांपाशी सगळे निर्धास्त असतात.

रिपोर्टवर विसंबणं चूक आहे, याचं साधं कारण म्हणजे लागण झाल्यानंतर काही आठवडे नेहमीच्या चाचणीत ती दिसत नाही. या ‘विंडो पिरियड’मध्ये रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि रक्तात विषाणू मात्र भरपूर असतो. दुसरं कारण त्याहून मोठं. ज्याला स्वतःला ठाऊक आहे, जो जिल्हा रुग्णालयातल्या ए.आर.टी. केंद्रातून एच.आय.व्ही.वरच्या गोळ्या घेतो, महिन्याचा डबा चुकवत नाही, त्याच्या रक्तातला विषाणू बहुधा मोजमापात न येण्याइतका कमी झालेला असतो. सगळ्यांनी ज्याला बिचकावं तो रुग्ण त्या वॉर्डातला त्यातल्या त्यात कमी धोक्याचा असू शकतो. खरा धोका त्याच्याकडून, ज्याची चाचणी कधी झालीच नाही.

ही गोष्ट जगाच्या लक्षात यायला फार वर्षं लागली नव्हती. १९८४ साली ब्रिटनमधल्या एका परिचारिकेला सुई टोचून लागण झाल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि दवाखाने हादरले. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं नियम घालून दिला की कुणाच्या रक्तात काय आहे हे ओळखण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं आहे असंच धरून चला. यालाच ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ म्हणू लागले, १९९६ नंतर त्यात भर पडून ‘स्टँडर्ड प्रिकॉशन्स’. हात धुणं, रक्ताशी संबंध येईल तिथं ग्लोव्हज, शिंतोडे उडतील तिथं मास्क आणि चष्मा, सुया लगेच न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात, सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइटचं जंतुनाशक द्रावण. यादी एवढीच आहे. तिचा अर्क ‘युनिव्हर्सल’ या शब्दात आहे, आणि नेमका तोच आपल्याकडे गळतो. भारतात पहिले एच.आय.व्ही. बाधित १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून समोर आले. तेव्हापासून नर्सिंगच्या प्रत्येक तुकडीनं ही यादी पाठ केलेली आहे.

नियम पाळले तर काय होतं, याचाही हिशेब उपलब्ध आहे. १९८५ ते २०१३ या काळात अमेरिकेत कामावर असताना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याची खात्रीशीर प्रकरणं ५८ नोंदली गेली. त्यांतलं १९९९ नंतरचं फक्त एक. तिथले रुग्ण कमी झाले नव्हते. सुया बदलल्या, डबे पलंगाशी आले, औषध हाताशी आलं. २००० साली तिथं सुई टोचण्यापासून संरक्षणाचा स्वतंत्र कायदाच झाला.

आता आकड्यांकडे, कारण भीतीचं माप चुकलेलं आहे. एच.आय.व्ही. बाधित रक्तानं माखलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस सी असेल तर जुन्या हिशेबानं ३ टक्क्यांपर्यंत. आणि हिपॅटायटिस बी असेल व लस घेतलेली नसेल तर ३० टक्क्यांपर्यंत. शिकवणारे याला तिनाचा नियम म्हणतात: तीस, तीन, पॉइंट तीन. त्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बी घेऊन जगणारे सुमारे तीन कोटी, तर एच.आय.व्ही. बाधित पंचवीस लाखांच्या आसपास. महाराष्ट्रात बाधितांची संख्या देशात सर्वाधिक, चार लाखांच्या घरात. म्हणजे ज्याच्या नावानं वॉर्ड थरथरतो त्या विषाणूपेक्षा, ज्याचं नाव कुणी दबक्या आवाजातही घेत नाही तो दुसरा विषाणू दहापटीहून अधिक लोकांच्या रक्तात आहे आणि शंभरपटीपर्यंत सहज लागतो. सुकलेल्या रक्ताच्या डागात तो सात दिवस टिकतो. एच.आय.व्ही. उघड्यावर काही तासांत बहुतांशी निकामी होतो. सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात मात्र पुष्कळ काळ तग धरतो.

हिपॅटायटिस बी वर लस आहे, एच.आय.व्ही.वर नाही. त्या लसीकडे शेवटी येऊ.

सुई टोचते कशी, हे जवळून पाहायला हवं. मेडिसिन वॉर्ड, सकाळची इंजेक्शनं. ट्रेमध्ये भरलेल्या सिरिंज ओळीनं ठेवलेल्या. सिस्टर एका रुग्णाच्या दंडात इंजेक्शन देतात, बोळा दाबतात, ‘धरून ठेवा मामा’ म्हणतात. उजव्या हातात उघडी सुई आहे. डाव्या हाताच्या चिमटीत प्लॅस्टिकचं टोपण. दोन्ही हात एकमेकांकडे येतात. टोपणाचं तोंड जेमतेम बोराच्या बीएवढं. त्याच वेळी मागच्या पलंगावरचा नातेवाईक सलाईन संपल्याचं सांगतो, सिस्टरांची मान वळते, सुई टोपणाच्या कडेवरून घसरते आणि डाव्या तर्जनीच्या पेरात जाते. ग्लोव्हज असले तर सुईवरचं थोडं रक्त रबरात पुसलं जातं, तेवढाच बचाव. नसले तर तोही नाही.

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, हा नियम भिंतीवर असतो. मग सिस्टर ते का लावतात? निष्काळजीपणा हे उत्तर ऐकायला सोपं आहे आणि बरेचदा चुकीचं. सुई कापायचं यंत्र, वॉर्डातला हब कटर, दाराशी असतो किंवा ड्रेसिंग रूममध्ये. तिथपर्यंत पंधरा-वीस पावलं, वाटेत नातेवाईक, पोरं, खाली अंथरूण टाकून बसलेले लोक. उघडी सुई हातात धरून त्या गर्दीतून चालायचं नाही म्हणून सिस्टर टोपण लावतात. दुसऱ्याला टोचू नये म्हणून स्वतःला टोचून घेण्याचा धोका पत्करतात. डबा आणि कटर ट्रॉलीवर, रुग्णाच्या पलंगाशी आले की टोपणाची गरजच उरत नाही. फार तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हातानं सुई आत सरकवायची, दुसरा हात मागे. व्याख्यानांपेक्षा ट्रॉलीची जागा बदलणं स्वस्त आहे. पण खरेदीच्या यादीत कटर एकदा येतो, बंद पडला की दुरुस्तीला जातो आणि महिनोन्‌महिने परत येत नाही, अशी तक्रार दवाखान्यांत कुठंही ऐकायला मिळते. रात्रपाळीला साठ रुग्णांमागे दोन सिस्टर असतील तर घाई हाच संसर्गाचा सगळ्यात मोठा रस्ता होतो.

आणि सुया तरी इतक्या का? मराठवाड्याच्या खेड्यात ‘सुई दिली नाही, नुसत्या गोळ्या दिल्या’ म्हणून डॉक्टर बदलणारे लोक आजही आहेत. अंगात कणकण आली की सलाईन लावून घ्यायचं, ऊसतोडीला निघायच्या आधी ताकदीचं इंजेक्शन मारून घ्यायचं. इंडियाक्लेन या संस्थेच्या देशव्यापी पाहणीत दोन दशकांपूर्वी असं दिसलं की भारतात दिली जाणारी जवळपास दोन-तृतीयांश इंजेक्शनं कुठल्या ना कुठल्या अर्थानं असुरक्षित होती. सगळी जंतूंनी भरलेली नव्हेत, पण निर्जंतुकीकरण, तंत्र किंवा विल्हेवाट यांत कुठं तरी चूक. त्यानंतर लसीकरणात एकदाच वापरता येणाऱ्या, आपोआप अडकणाऱ्या सिरिंज आल्या आणि चित्र सुधारलं. तरी २००९ मध्ये गुजरातेत मोडासा इथं वापरलेल्या सिरिंजमुळे हिपॅटायटिस बी नं डझनावारी माणसं गेली, आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात एकाच सिरिंजनं सुया देत फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरवर गावंच्या गावं एच.आय.व्ही. बाधित केल्याचा आरोप झाला. डॉक्टरनं आपल्यासमोर पाकीट फोडून नवी सुई काढावी, हे मागणं रुग्णाच्या हातात आहे. त्याआधीचं, सुई मागूच नये, हेही.

सिस्टरांना टोचलं तर त्यांना निदान ठाऊक असतं की ती सुई कुणाच्या दंडातून आली. कचरा उचलणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या मावशींना तेही ठाऊक नसतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी चार रंग ठरवून दिले. पिवळ्या पिशवीत रक्तानं भिजलेला कापूस, बँडेज, वार, लाल पिशवीत नळ्या, सलाईनच्या बाटल्या, ग्लोव्हज, सुई काढलेल्या सिरिंज, पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड, निळ्यात काच. अठ्ठेचाळीस तासांच्या आत कचरा प्रक्रियेला गेला पाहिजे, पिशव्यांवर बारकोड पाहिजे. कागदावर हे नियम जगातल्या कुठल्याही देशाच्या तोडीचे आहेत. अपघात होतो तो पांढऱ्या डब्यातली सुई पिवळ्या पिशवीत गेली की. कुणी तरी घाईत कापसाच्या बोळ्यासोबत सुई टाकतं. मावशी पिशवीचं तोंड बांधतात, उचलतात, जड म्हणून मांडीला टेकवून चालतात. आत काय आहे हे त्यांना मांडीला टोचल्यावर कळतं. पायात स्लिपर, हातात वॉर्डातले उरलेले पातळ ग्लोव्हज. या कामाला लागतात ते जाड रबराचे, कोपरापर्यंतचे मोजे आणि गमबूट.

कंत्राटी मावशींना टोचलं तर त्या कुणाला सांगतील? मुकादमाला सांगितलं तर ‘तुझंच ध्यान नव्हतं’ हे ऐकून घ्यायचं. सिस्टरांना सांगितलं तर आपलंच रक्त तपासतील ही धास्ती, त्यातून काही निघालं तर घरच्यांना काय सांगायचं ही दुसरी. म्हणून हात नळाखाली धरायचा, जरा पिळायचा, चिंधी बांधायची आणि पुढची पिशवी उचलायची. नोंद शून्य. आणि नोंद शून्य असली की कागदोपत्री दवाखाना सुरक्षित. टोचल्याच्या दहा नोंदी असणारं रुग्णालय मला एकही नोंद नसणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचं वाटतं.

पिळणं चूक आहे, हे इथंच सांगायला हवं. टोचलेली जागा पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, डेटॉल, स्पिरिट किंवा ब्लीच चोळायचं नाही; साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात शिंतोडा गेला तर साध्या पाण्यानं धुवत राहायचं. मग ताबडतोब डॉक्टर, आणि पीईपी. पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस, म्हणजे लागण रुजू नये म्हणून घ्यायचं औषध. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची आजची गोळी दिवसाला एक, २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. पहिला डोस शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरता येत नाही. ज्याची सुई टोचली त्या रुग्णाची चाचणी त्याच्या संमतीनं करायची, पण त्या रिपोर्टसाठी पहिला डोस थांबवायचा नाही. टोचलेल्या कर्मचाऱ्याचं रक्त त्याच दिवशी, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासायचं. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, झिडोव्ह्युडिन हे एकच जुनं औषध घेणाऱ्यांत लागणीचा धोका ८१ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं होतं. आजची औषधं त्याहून जोरकस आणि सोसायला हलकी.

दोन तास. मंठ्याहून जालना साठ-पासष्ट किलोमीटर. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात बाळंतपण करताना सिस्टरांना टाक्याची सुई टोचली, तर आधी ते बाळंतपण पुरं करायचं, नाळ कापायची, वार पडायची वाट पाहायची. बदलीला दुसरं कुणी नाही. गाडीची सोय होऊन जालना गाठेपर्यंत उजाडतं. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीईपीच्या गोळ्या अपघात विभाग, प्रसूतिगृह, अतिदक्षता विभाग अशा जागी हाताशी असायला हव्यात, ए.आर.टी. केंद्राच्या कुलूपबंद कपाटात नव्हे. म्हणून तपासायचं ते एवढंच: या क्षणी, रात्रपाळीला असलेल्या सिस्टरांना ती बाटली कुठं आहे आणि तिची मुदत कधी संपते हे सांगता येतं का? माझ्या दृष्टीनं जनजागृतीची परीक्षा हीच. भिंतीवरची रंगीत भित्तिपत्रकं जागतिक एड्स दिनी, १ डिसेंबरला लागतात आणि पावसाळ्यापर्यंत ओल धरतात.

दवाखान्यात सांडलेल्या रक्ताचंही असंच. रक्त दिसलं की मावशी ओलं फडकं फिरवतात, डाग पसरतो आणि फरशी स्वच्छ दिसते. करायचं ते उलट्या क्रमानं आहे. आधी डागावर कापड किंवा कागद, त्यावर एक टक्क्याचं हायपोक्लोराइट, वीस-तीस मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. ब्लीचिंग पावडर चांगली असेल तर लिटरला साधारण तीस ग्रॅम. द्रावण रोज ताजं हवं, काल केलेलं आज कमजोर. ही वीस मिनिटं थांबायची परवानगी मावशींना कुणी देत नाही, डॉक्टरांचा राउंड यायचा असतो. शिकवणीत ‘काय करायचं’ असतं. ‘तेवढा वेळ कोण देणार’ हे तिथं कुणीच सांगत नाही.

आता रुग्णाच्या बाजूनं. ‘घाटीला न्या’ हे वाक्य मराठवाड्यात गंभीर आजाराचं लक्षण मानलं जातं. एच.आय.व्ही. असणाऱ्यांच्या बाबतीत ते कित्येकदा सुटका करून घेण्याचं वाक्य असतं. हर्निया आहे, मूळव्याध आहे, बाळंतपण अडलेलं आहे, रिपोर्ट येईपर्यंत सगळं ठरलेलं असतं आणि रिपोर्ट आला की अचानक ‘आमच्याकडे सोय नाही’. सोय म्हणजे काय? इतर रुग्णांना वापरतात त्याहून वेगळं या शस्त्रक्रियेला काहीही लागत नाही. जो सर्जन असं म्हणतो तो नकळत कबूल करतो की बाकी रुग्णांच्या वेळी तो सावधगिरी घेत नाही.

एच.आय.व्ही.वरून होणाऱ्या भेदभावाला न्यायालयानं फार पूर्वी हात घातला होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ या नावानं ओळखला जाणारा खटला निकाली निघाला. एका सरकारी महामंडळानं हंगामी मजुराला एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावरून दूर ठेवलं होतं. माणूस काम करायला सक्षम असेल आणि दुसऱ्यांना धोका नसेल तर केवळ या कारणावरून रोजगार नाकारता येणार नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि त्याचं नाव उघड न करता खटला चालवण्याची वाट मोकळी केली. त्यानंतर संसदेचा कायदा यायला वीस वर्षं गेली. एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. उपचार नाकारणं हा त्यात भेदभाव आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. केसपेपरवरची लाल खूण आणि पलंगाला लावलेली चिठ्ठी या दोन्ही गोष्टी या कायद्यात बसत नाहीत.

लोकांना याच कायद्याची दुसरी बाजू कमी ठाऊक आहे. आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेनं आपल्याकडे काम करणाऱ्या सगळ्यांना सुरक्षिततेची साधनं, त्यांचं प्रशिक्षण आणि टोचल्यास पीईपी पुरवलं पाहिजे, असं कलम १९ सांगतं. तीस किंवा अधिक माणसं काम करत असतील अशा आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी हवा. म्हणजे रुग्णाला न हाकलणं आणि मावशींना जाड मोजे देणं ही एकाच कायद्याची दोन कलमं आहेत. ज्याच्या हाताला संरक्षण आहे त्याला रुग्णाची भीती वाटत नाही, आणि भीती नसली की माणूस माणसासारखा वागतो. दबून बोलणाऱ्या, घाबरलेल्या सिस्टरांना मी कधी दोष देऊ शकलो नाही. त्यांना ग्लोव्हजचा डबा मोजून मिळतो.

करोनानं एक गोष्ट दाखवून दिली होती. २०२० मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे हे तेव्हा घनसावंगीचेच आमदार होते. जालन्यात तेव्हा समोर येणारा प्रत्येक माणूस बाधित असू शकतो असं धरून दवाखाने चालले. मास्क सगळ्यांसाठी, हात धुणं प्रत्येक रुग्णानंतर. कुणाला विचारून, कुणाचा कागद पाहून काळजी घ्यायची नाही, हा ‘युनिव्हर्सल’चा अर्थ त्या दोन वर्षांत शिपायापासून शल्यचिकित्सकापर्यंत सगळ्यांच्या अंगात उतरला. हवेतून येणाऱ्या रोगाला हे शक्य झालं, कारण तिथं डॉक्टर आणि मावशी सारखेच उघडे होते. रक्तातून येणाऱ्या रोगात धोका खालच्या पायरीवर जास्त, म्हणून लाट ओसरली तशी सवयही ओसरली.

जालन्यात सध्या एक चांगली संधी आहे. बदनापूर तालुक्यात वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय काही वर्षांपासून आहेच. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात जालन्याचंही आहे. म्हणजे आता दर वर्षी वॉर्डांत कोरी मुलं येत राहणार. ती पुस्तकातून स्टँडर्ड प्रिकॉशन्स पाठ करतील आणि हात मात्र समोरच्या सिनिअरांचे पाहतील. सिनिअरनं उघड्या हातानं रक्त काढलं, सुईला टोपण लावलं, तर पुस्तक हरतं. त्यांना पहिल्या आठवड्यात ट्रॉलीवर कटर कुठं ठेवायचा हे शिकवलं आणि शिकवायला वॉर्डातल्या सगळ्यात अनुभवी सिस्टर उभ्या केल्या, तर पुढच्या दहा वर्षांत मंठ्यापासून भोकरदनपर्यंतच्या दवाखान्यांत तेच हात पसरतील.

आणि लस. हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांत असते: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. बाळांच्या लसीकरणात ती देशभर आली २०११ मध्ये. म्हणजे आज काम करणाऱ्या बहुतेक मावशी, मामा, वाहनचालक, धोबी यांना ती लहानपणी मिळालेली नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, कायम असो की कंत्राटी, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं, वर्षातून एकदा तरी आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण करणं हे रुग्णालयाचं बंधन आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे. अडचण तिसऱ्या डोसाशी येते. कंत्राटदार बदलतो, मावशी दुसऱ्या वॉर्डात किंवा दुसऱ्या दवाखान्यात जातात, सहावा महिना उलटून जातो आणि दोन डोसांचा कागद जुन्या मुकादमाच्या फायलीत राहतो. ते कार्ड मुकादमाकडे नको, मावशींच्या पिशवीत हवं, आणि त्यांच्या पगाराच्या बिलावर सही करणाऱ्यानं आधी त्यावरची तिसरी तारीख पाहायला हवी.